ओदेसान की जोग्येसान? कोरियात एका विहारातून दुसऱ्या विहारापर्यंत चालायचं असेल तर

कोरियाला जाणाऱ्यांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, सोल, बुसान, जमलं तर जेजू, आणि मधे कुठेतरी एक दिवस "डोंगरातलं एखादं बौद्ध मंदिर". मग बसने पार्किंगपर्यंत जायचं, मुख्य हॉलसमोर फोटो काढायचे आणि परत बसमध्ये बसायचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तिथले डोंगरातले विहार चालत गाठण्यासाठीच बांधलेत. आधी जंगल, मग ओढा, मग एका रेषेत उभ्या खांबांचं पहिलं दार, मग पुढची दारं, आणि मग कुठे अंगण. जोसोन राजवटीत (1392 ते 1910) राज्यकर्ते कन्फ्युशियन विचारांचे, त्यांनी बौद्ध धर्म दाबला, भिक्खूंना राजधानीत यायलासुद्धा बंदी केली, त्यामुळे शहरातले विहार गेले आणि डोंगरातले टिकले. म्हणजे विहार आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत.

तर ज्यांच्याकडे दोन-तीन दिवस आहेत आणि एकच डोंगर निवडायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन जागा घेतल्यात कारण दोन्हीकडे वाट एका विहारातून निघते आणि दुसऱ्या विहारात संपते. एक, ईशान्येकडच्या गांगवोन भागात ओदेसान, तिथे वोलजोंगसा ते सांगवोनसा. दुसरी, दक्षिणेला सुनचोनजवळ जोग्येसान, तिथे सोनामसा ते सोंगग्वांगसा.

आधी पोचायचं कसं ते बघू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होतो. ओदेसानला सोलहून गांगनुंगच्या केटीएक्सने (कोरियाची वेगवान ट्रेन) जिनबू स्टेशनला उतरायचं, दीड तासाच्या आसपास लागतो, ही लाइन 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकच्या निमित्ताने 2017 च्या शेवटी सुरू झाली आणि तेव्हापासून ओदेसान सोलपासून एका दिवसात करता येतं. जिनबूहून लोकल बस आहे पण फेऱ्या कमी, बस चुकली तर टॅक्सी. जोग्येसानला मात्र सोलच्या योंगसान स्टेशनवरून केटीएक्सने सुनचोन, अडीच तासांच्या वर, आणि तिथून पुढे सिटी बस, सोनामसाला तासाभराची, सोंगग्वांगसाला त्याहून जास्त. म्हणजे जोग्येसान एका दिवसात सोलहून करायचं मनातच आणू नका, सुनचोनला किंवा विहारात मुक्काम हवाच. गूगल मॅप्सवर विसंबू नका, चालायची वाट ते तिकडे नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप (Naver) किंवा काकाओ मॅप ही तिकडची अ‍ॅप टाकून ठेवा, बसच्या वेळासुद्धा त्यातच मिळतात.

आता ओदेसान. वोलजोंगसाच्या पहिल्या दारापासून साधारण एक किलोमीटर फरच्या झाडांची वाट आहे, सतराशेच्या आसपास उंच सरळ झाडं, मातीचा सपाट रस्ता, काही लोक तर बूट हातात घेऊन अनवाणी चालतात. के-ड्रामा बघणाऱ्यांना ही वाट बघितल्यासारखी वाटेल, बर्फातलं शूटिंग झालंय तिथे. विहार जाजांग नावाच्या भिक्खूंनी 643 मध्ये स्थापन केला असं मानतात. अंगणात आठ कोनी, नऊ मजली दगडी स्तूप आहे, 15 मीटरच्या थोडा वर, आणि आजूबाजूच्या इमारती त्यामानाने नव्या वाटतात, कारण कोरियन युद्धात 1951 च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या दक्षिण कोरियाच्याच सैन्याने विहार जाळला, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून. स्तूप तेवढा उरला.

वर सांगवोनसा मात्र वाचला, आणि कसा वाचला ते माहीत असेल तर वोलजोंगसापासून तिथपर्यंतच्या नऊ किलोमीटरच्या वाटेला वेगळाच अर्थ येतो. सैनिक जाळायला वर आले तेव्हा हानाम नावाचे वृद्ध आचार्य चीवर नीट घालून हॉलमध्ये जाऊन बसले, म्हणाले तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. अधिकाऱ्याने शेवटी फक्त दारं काढून जाळली, धूर दिसला, हुकूम पाळल्यासारखं झालं, आणि तो निघून गेला. त्याच वर्षी हानाम वारले. आज तिथे 725 सालची घंटा आहे, कोरियात टिकलेल्या घंटांमधली सगळ्यात जुनी, आणि लहान मुलाच्या रूपातली मंजुश्री बोधिसत्त्वाची लाकडी मूर्ती आहे, ती त्या दिवशी तिथेच होती. ज्यांना इतिहास असा हाताला लागेल इतका जवळ हवा त्यांनी दुसरा विचारच करू नये, ओदेसानला जावं.

या दोन विहारांमधल्या वाटेचं नाव सोनजेगिल, गंडव्यूह सूत्रातल्या सुधनाचं हे कोरियन नाव, तोच सुधन जो एकामागून एक त्रेपन्न गुरूंकडे शिकायला जातो. वाट ओढ्याच्या काठाकाठाने, पूल ओलांडत, हळूहळू चढत जाते, तीन-साडेतीन तास धरा. दमवणारा चढ नाही. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे गाडीरस्ता ओढ्याच्या बाजूनेच जातो, मधे बसथांबे आहेत, गुडघे दुखायला लागले, पाऊस आला, मूल कंटाळलं, की बाहेर पडून बस पकडता येते. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे. पण त्याचाच तोटा असा की गाड्यांचा आवाज अधूनमधून येतो, आणि ऑक्टोबरच्या वीकेंडला गर्दी असते, अगदी रांगेतून चालल्यासारखी. दम शिल्लक असेल तर सांगवोनसाच्या वर अजून चढून जोंगम्योल-बोगुंगला जा, तिथे बुद्धधातू आहेत असं मानतात म्हणून हॉलमध्ये मूर्तीच ठेवलेली नाही, लोक रिकाम्या आसनाला वंदन करतात.

जोग्येसान याच्या बरोबर उलट. इथे वाट डोंगर ओलांडते. अंतर कमी, साडेसहा किलोमीटरच्या आसपास, पण साडेतीन-चार तास लागतात, कारण सोनामसाकडून मोठ्या खिंडीपर्यंतचा चढ दगडांचा आणि खडा आहे, मग उतार, मग दुसरी छोटी खिंड, मग सोंगग्वांगसा. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला यात काहीच अवघड नाही, पण मधेच सोडून बस पकडायची सोय नाही, निघालात की पलीकडे पोचायचंच. सकाळी लवकर निघा, हिवाळ्यात तर नक्कीच, अंधार लवकर पडतो.

आणि तरीही मला विचाराल तर मी जोग्येसान सांगेन. कारण इथे दोन्ही विहार एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे आहेत आणि तो फरक तुम्ही स्वतःच्या पायांनी पार करता. सोनामसा थेगो पंथाचा, या पंथात भिक्खूंना लग्न करता येतं, आणि सोंगग्वांगसा जोग्ये पंथाचा, ब्रह्मचारी भिक्खूंचा. सोनामसा जुना, थोडा विस्कटलेला, झाडाफुलांत बुडालेला. सहाशे वर्षांहून जुनी प्लमची झाडं, मागे रानटी चहा, आणि एक जुनं लाकडी शौचालय जे इतकं सुंदर आहे की त्याला वारसा म्हणून संरक्षण आहे, हो शौचालयच, बघून या. येताना ओढ्यावर 18 व्या शतकाच्या सुरुवातीचा कमानीचा दगडी पूल लागतो, त्याच्या पोटातून ड्रॅगनचं डोकं खाली लोंबतं, ते बघायला ओढ्यात उतरावं लागतं. 2018 मध्ये युनेस्कोने कोरियातल्या सात डोंगरी विहारांना जागतिक वारसा म्हटलं त्यात सोनामसा आहे, सोंगग्वांगसा नाही, पण त्यावरून काही ठरवू नका.

सोंगग्वांगसा हा संघाचा विहार. आपण बुद्ध, धम्म, संघ अशी तीन शरणं म्हणतो ना, कोरियात त्या एकेका रत्नासाठी एकेक विहार आहे, बुद्धासाठी थोंगदोसा, धम्मासाठी हेइनसा, संघासाठी सोंगग्वांगसा. चिनुल नावाचे भिक्खू (1158 ते 1210) इथे 1200 मध्ये आले आणि कोरियन ध्यानपरंपरा त्यांनी इथे उभी केली, त्यांच्यासह इथून सोळा राष्ट्रगुरू झाले. अंगणात स्तूप नाही. 1970 च्या दशकात कुसान सुनिम (सुनिम म्हणजे भिक्खू) यांनी परदेशी साधकांना इथे राहून ध्यान शिकायची सोय केली होती. संध्याकाळी मोठा ढोल, लाकडी मासा, ढगाच्या आकाराची तबकडी आणि घंटा अशी चारही वाद्यं वाजतात, पायी येऊन थकलेले असताना हे ऐकायला मिळालं तर दिवसाचं सोनं होतं, म्हणून सोनामसाकडून सुरू करा आणि सोंगग्वांगसाला मुक्काम ठेवा, उलटं नको. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या बुलिराम या छोट्या कुटीला जाऊन या, 2010 मध्ये वारलेले बोपजोंग सुनिम तिथे अनेक वर्षं एकटे राहिले, त्यांनी सरपणाच्या लाकडातून केलेली खुर्ची अजून आहे.

वाटेत मधे बोरिबाप मिळतं, बार्लीचा भात, वर रानभाज्या, तिखट पेस्ट घालून कालवायचा, खिंड चढून आल्यावर त्याची चव काय सांगू. फक्त शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा की किमचीत बहुतेक वेळा माशाचा सॉस असतो आणि सूपला सुक्या मासळीचा स्टॉक असू शकतो, आधी विचारा. विहारातल्या जेवणात ही भीती नाही. तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा, लसूण, पातसुद्धा नाही, मूळ यादीत तर हिंगही वर्ज्य आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातल्या माणसाला कोरियात पोटभर, निर्धास्त जेवायला याहून चांगली जागा नाही.

कधी जाताय यावरही बरंच अवलंबून आहे. ओदेसानची पानं ऑक्टोबरच्या मध्याला लाल होतात, जोग्येसानची ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना बहुतेक वर्षी ओदेसान उघडं-बोडकं मिळेल आणि जोग्येसान रंगात. मार्चअखेर सोनामसाचे प्लम फुलतात, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुहेरी पाकळ्यांची चेरी. बर्फ हवा असेल तर ओदेसान, दक्षिणेत तो भरवशाचा नाही. जूनअखेर ते जुलै तिकडचा पावसाळा, तेव्हा दोन्ही टाळा, ओढे भरले की वाटा बंद करतात. वसंतात आणि उशिराच्या शरदात वणव्याच्या भीतीने नॅशनल पार्कच्या वरच्या काही वाटाही बंद असतात, ओदेसानच्या शिखरावर जायचं असेल तर पार्कच्या साइटवर आधी बघा. मे महिन्यात जाणार असाल तर बुद्धजयंतीची तारीख तपासा, तिकडे ती चौथ्या चांद्रमहिन्याच्या आठवीला असते, आपल्या बुद्धपौर्णिमेशी जुळत नाही, आणि त्याआधी अंगणभर कागदी कंदील लागलेले असतात.

टेम्पलस्टे, म्हणजे विहारातच रात्रीचा मुक्काम, वोलजोंगसा आणि सोंगग्वांगसा दोन्हीकडे आहे, 2002 च्या वर्ल्डकपच्या वेळी ही पद्धत सुरू झाली, एका रात्रीला साधारण 50 हजार ते 1 लाख वॉन. पहिल्यांदाच राहणार असाल, भाषेची धास्ती असेल, तर वोलजोंगसा सोपं पडेल, तिथे लोकांची ये-जा जास्त आणि व्यवस्था मोठी आहे. नुसतं शांत राहायचं असेल तर दोन्हीकडे विश्रांतीचा प्रकार निवडा, कार्यक्रमाचा नको, वंदना पहाटे असतेच, तेवढी चुकवू नका. आणि आपल्याकडे वर्षावास एकदाच, तिकडे उन्हाळ्यात तीन महिने आणि हिवाळ्यात तीन महिने असा दोनदा असतो, त्या काळात ध्यानाच्या हॉलकडे जायला बंदी असते, पाटी दिसली की मागे फिरा, फोटोसाठी डोकावू नका.

काही जण म्हणतील हेइनसा का नाही. तिथे त्रिपिटकाचे 80 हजारांहून जास्त लाकडी ठसे आहेत, 13 व्या शतकात मंगोल स्वाऱ्या चालू असताना कोरलेले, आणि ते ठेवलेली इमारत, जिच्या खालच्या-वरच्या खिडक्या मुद्दाम वेगवेगळ्या मापाच्या केल्यात म्हणजे हवा खेळती राहील. धम्माच्या ओढीने जाणाऱ्याने, विशेषतः आपल्याकडून दीक्षाभूमीला नेमाने जाणाऱ्या घरातल्या माणसाने, ते आयुष्यात एकदा बघावंच, देगूहून बसने दीड तासात होतं. पण ते त्या ठशांसाठी. ओढ्याकाठची वाट तिथेही छान आहे, तरी ती एकाच विहाराकडे नेते, म्हणून या तुलनेत घेतली नाही.

तेव्हा सोबत ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील, सोलमधून एकच दिवस निघत असेल, किंवा जानेवारीत जाणार असाल तर ओदेसान घ्या आणि मन अजिबात खट्टू करून घेऊ नका. गुडघे धड असतील आणि दोन रात्री हातात असतील तर सुनचोनचं तिकीट काढा, सोंगग्वांगसाचा टेम्पलस्टे आधी बुक करा, शरदातले वीकेंड लवकर भरतात, आणि मोठी बॅग सुनचोन स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून फक्त पाठीवरची पिशवी घेऊन सोनामसाची सकाळची बस पकडा.