सोसायटीच्या पार्किंगवर सोलर: दोन पावसाळे काढल्यानंतर

सोलरच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज वापरायच्या विजेत बदलणाऱ्या डब्यावर, पुन्हा लाल दिवा लागला आणि व्हेंडरकडून पुन्हा तेच उत्तर मिळालं: "साहेब, पावसाळ्यात थोडंफार होतंच." म्हणून आता सविस्तर लिहितोय. गच्चीवर सोलर टाकून 'बिल शून्य' म्हणणाऱ्यांचे अनुभव ढिगाने मिळतात. पार्किंगवर छत म्हणून टाकलेल्यांचे फारसे सापडत नाहीत, आणि जे सापडतात ते नारळ फोडला त्याच आठवड्यातले असतात.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. मी खजिनदार. कमिटीतला सगळ्यात चिकट माणूस अशी माझी ख्याती आहे आणि ती मी टिकवून आहे. सिस्टिम ३० किलोवॉटची, ५४५ वॉटची ५५ पॅनेल, उघड्या पार्किंगवर दोन ओळींत. गच्चीवर का नाही? तिथे टाक्या आहेत, सोलर गिझर आहेत, लिफ्टची मशीन रूम आहे, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने लिहून दिलंय की एक भोक पाडलंत तर गॅरंटी विसरा.

विजेबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगून टाकतो. किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट हा ठोकताळा उन्हाळ्यात खरा ठरतो, जुलैत आकडा निम्म्याच्या आसपास घसरतो. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे एवढं कॉमन मीटरचं बिल आता जवळपास स्थिर आकारावर आलंय. स्थिर आकार मात्र सुटत नाही, तो 'शून्य बिल'वाल्या जाहिरातीत बारीक अक्षरातही नसतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणजे आम्हाला ५ लाख ४० हजार. आले. पण त्यातला मोठा घास उंच स्ट्रक्चरच्या लोखंडानेच खाल्ला. गच्चीवर तीन-चार फुटांचे पाय पुरतात. इथे पाण्याचा टँकर आत वळला पाहिजे.

आणि हो, महावितरणची वीज गेली की आपलं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. हे मी आमच्या ग्रुपवर इतक्यांदा लिहिलंय की आता फॉरवर्ड करतो.

सावलीचा हिशेब मात्र कोणी आधी करत नाही. एक पॅनेल अडीच चौरस मीटरच्या जरा वर. म्हणजे ५५ पॅनेलखाली एकशे चाळीसेक चौरस मीटर, साधारण अकरा गाड्या. 'सगळं पार्किंग झाकलं जाणार' या समजुतीवर सर्वसाधारण सभेत ठराव पास झाला होता, त्यामुळे पुढे कोणाची गाडी सावलीत यावरून जे झालं ते सोडून देतो. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली नाही.

आता मुख्य मुद्दा: फट.

दोन पॅनेलांच्या मध्ये बोटभर फट असते. क्लॅम्प बसायला आणि उन्हात फ्रेम फुगायला ती लागतेच. गच्चीवर त्या फटीतून पाणी पडलं तर कोणाचं काय बिघडतं? पण खाली गाडी असेल तर तीच फट म्हणजे पावसाची सरळ रेघ. आणि ते नुसतं पाणी नसतं. पॅनेलवर साठलेली धूळ आणि कबुतरांची घाण कालवून खाली येतं. पहिल्याच वळवानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या काळ्या गाडीवर बॉनेटपासून डिकीपर्यंत चिखलाचे पट्टे उमटले होते, पट्टीने आखल्यासारखे समांतर. "त्यापेक्षा उघड्यावर बरी होती, निदान सगळीकडे सारखी भिजायची," असं ते म्हणाले. बरोबरच होतं. आमच्या कोटेशनमध्ये 'सोलर कारपोर्ट' असा शब्द आहे, पण 'पाणी' हा शब्द चारही पानांत एकदाही नाही. सेक्रेटरींनी सभेत फ्रान्सचा दाखला दिला होता. तिथे २०२३ च्या कायद्याने दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या पार्किंगचा निम्मा भाग सोलरने झाकायला सांगितला होता. खाली उभ्या माणसाच्या मानेवर पाणी पडतं का, हे त्या दाखल्यात नव्हतं.

व्हेंडरने आधी सिलिकॉन भरून दिलं, फुकट. फुकट होतं म्हणून मी गप्प बसलो. एप्रिलच्या उन्हात फ्रेमा फुगल्या-आकसल्या आणि सिलिकॉनच्या वळ्या सुटून लोंबायला लागल्या.

तोपर्यंत मी याला 'गाडी धुण्याचा खर्च' एवढंच समजत होतो. मग इन्व्हर्टर रुसायला लागला. रात्रभर पाऊस झाला की सकाळी लाल दिवा आणि स्क्रीनवर 'आयसोलेशन फॉल्ट', म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. दहा-अकराला ऊन पडलं की आपोआप चालू. टेक्निशियन यायचा बारा वाजता, मोबाइलवर फोटो काढायचा आणि म्हणायचा, "काका, चालू तर आहे." तक्रारीचं तिकीट बंद. दुसऱ्या पावसाला पुन्हा तेच. ॲपवरच्या आलेखात सकाळचा भाग उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा. असं हे बरेच दिवस चाललं. शेवटी मीच सांगितलं, याल तर पावसात सकाळी सातला या, नाहीतर येऊच नका, आणि एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पुढचा हप्ता थांबवला. हप्ता थांबल्यावर मात्र माणूस बरोबर सातला हजर.

शिडी लावून पाहिलं तर कारण उघड होतं. पॅनेलमागच्या वायरी बांधलेल्याच नव्हत्या. एक कनेक्टर नेमका फटीखाली लोंबत होता. फटीतलं पाणी वायरीवरून ओघळून थेट त्याच्या तोंडाशी. कनेक्टर नीट दाबून बसवलेला असता तर पाणी आत गेलंही नसतं, पण तो वायरीवर अर्धवटच दाबलेला (क्रिंप केलेला) निघाला. आत हिरवट गंज. सुकला की इन्व्हर्टर चालू, ओला झाला की बंद. इन्व्हर्टर तर आपलं काम चोख करत होता, जमिनीकडे करंट गळतोय म्हणून सुरूच होत नव्हता. आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो.

कनेक्टर बदलला, वायरी वर बांधून घेतल्या. पण फट तशीच होती, म्हणून मी एका फॅब्रिकेटरकडून पहिल्या ओळीला प्रत्येक फटीखाली पत्र्याचा उथळ चॅनेल आणि खालच्या कडेला पन्हळ बसवून घेतली. आणि इथे माझं मत बदललं. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका ओळीचं छत सत्तरेक चौरस मीटरचं. गुणाकार करा: पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी. ते आता पाइपाने बोअरच्या शोषखड्ड्यात जातं. टँकरचे पैसे थेट वाचले असं मी म्हणणार नाही, बोअरमधलं पाणी कोणाचं हे भूगर्भालाच माहीत. पण हे छत वीज सोडून आणखी काही देऊ शकतं हे तेव्हा कळलं. पहिल्या ओळीखाली आता गाड्या कोरड्या असतात. याच कामाला सुरुवातीलाच पैसे मोजले असते तर? व्हेंडरने सुचवलंच नाही, कारण तो वीज विकतो, छप्पर नाही.

बाकी किरकोळ. आमचा उतार कमी आहे, पाचेक अंश. पुण्याच्या अक्षांशाला अठरा-एकोणीस अंश योग्य, पण तेवढा दिला की एक बाजू फार उंच जाते आणि वाऱ्याचा जोर वाढतो. कमी उताराचा तोटा असा की खालच्या फ्रेमच्या ओठाशी पाणी थांबतं, वाळतं, आणि मातीची दोन बोटं रुंद पट्टी सेलच्या शेवटच्या रांगेवर बसते. त्यासाठी कडेचं पाणी ओढून घेणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. स्वस्त आहेत, लावाच. पॅनेल धुवायला बोअरचं पाणी नको, पांढरे डाग पडतात. आणि धुवायच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाका, नाहीतर बिनपन्हळीच्या ओळीखालच्या गाडीवाल्याचा फोन येतो. कबुतरांसाठी जाळी मारली, तर आता ती जाळीवर बसतात.

परवाचा लाल दिवा अर्थातच दुसऱ्या ओळीतला. कारण तेच असणार, शिडी लावायची गरज नाही. नवीन घेणाऱ्यांनी कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: फटीखाली चॅनेल, कडेला पन्हळ, वायरी बांधलेल्याचे फोटो. आणि पैशांतले शेवटचे दहा टक्के एक अख्खा पावसाळा गेल्यावरच द्या. आमच्या दुसऱ्या ओळीच्या चॅनेलचं कोटेशन आलंय. फॅब्रिकेटर तोच, माप तेच, पण दर वाढवलाय आणि जीएसटी वेगळा लावलाय. रविवारी त्याला बोलावलंय.