स्तन लहान करण्याच्या ऑपरेशननंतरचे आठ महिने : ब्रा, उशी, सिलिकॉन पट्टी आणि मी

ऑपरेशनला परवा आठ महिने झाले. तारीख ठरल्यावर तीन आठवड्यांत मी झपाटल्यासारखी खरेदी केली होती. समोरून उघडणाऱ्या चार ब्रा, पाचरीच्या आकाराची उशी, व्रण सपाट व्हावा म्हणून लावायच्या सिलिकॉन पट्ट्यांची दोन पाकिटं, व्रणावर लावायचं जेल, पाठ खाजवायची लांब काठी. यातली उशी आणि काठी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडली. बाकीचं एकतर फार लवकर घेतलं होतं, नाहीतर मापाला चुकलं होतं. जे शरीर अजून कोणी पाहिलंच नव्हतं, त्याच्या मापाची खरेदी करत बसले होते, दुसरं काय होणार!

“आता कोणता कप बसेल?” हे मी सर्जनबाईंना तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी आकडा द्यायला नकार दिला. प्रत्येक कंपनीचा कप वेगळा असतो, आणि त्यांचं मोजमाप गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत चालतं, ब्राच्या लेबलावरून नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला उभं करून जांभळ्या पेनाने छातीवर रेघा मारल्या, तेव्हा ते पटलं. शिंपी कापडावर खडूने आखतो तसंच. फक्त कापड मी होते.

माझा छेद उलट्या टी आकाराचा आहे. स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली एक रेघ आणि स्तनाखालच्या घडीत एक आडवी. स्तनाग्र सहसा कापून वेगळं काढत नाहीत. रक्तवाहिन्यांसकट पेशींच्या एका देठावर ते तसंच ठेवून वर सरकवतात. डावीकडून 640 ग्रॅम निघालं, उजवीकडून 710. काढलेला भाग तपासणीला गेला, अहवाल चांगला आला. दोन्ही मिळून दीड किलोसुद्धा नाही, असं घरी कुणीतरी म्हणालं. तेवढं वजन दोरीने गळ्यात अडकवून वर्षभर फिरून दाखवा, मग बोलू.

आता ब्रा, कारण सहा आठवडे दिवसरात्र तीच अंगावर असते. फक्त आंघोळीपुरती काढायची. मी दोन चेनच्या आणि दोन हूकच्या घेतल्या होत्या. चेनवाल्या दोन्ही पडून राहिल्या. चेन लावायची तर खालची दोन टोकं जवळ ओढून धरावी लागतात, आणि नेमका तोच जोर पहिले दहा दिवस छातीत नसतो. शिवाय चेनचं खालचं टोक दोन्ही बाजूंचे आडवे टाके जिथे जवळ येतात तिथेच टोचतं. हूक खालून वर एकेक लावता येतात, दमलं तर मध्ये थांबता येतं. खांद्याचे पट्टे वेल्क्रोचे असतील तर हात वर न करता सैल-घट्ट होतात. मात्र धुताना वेल्क्रो बंद करून ठेवा, नाहीतर धागे अडकून त्याची पकड जाते. माझ्या एका ब्राचा उजवा पट्टा चौथ्या आठवड्यात असा गेला, मग सेफ्टी पिन.

मापाचं सांगायचं तर, कप लहान होणार म्हणून मी सगळंच लहान घेतलं. पण सूज फक्त स्तनात राहत नाही, काखेखाली आणि बरगड्यांवरही उतरते. पहिल्या आठवड्यात खालचा पट्टा ऑपरेशनआधीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा लागला. नवऱ्याला पुन्हा दुकानात पाठवावं लागलं, तो बिचारा फोनवर हळू आवाजात नंबर विचारत होता. पाचव्या आठवड्यात तीच ब्रा ढगळ झाली. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, असं सिस्टरनी दाखवलं होतं. घट्ट म्हणजे चांगली असं अजिबात नाही. अंगावर खोल वळ उठत असतील तर दाब जास्त होतोय, आणि नव्या जागी बसलेल्या स्तनाग्राला रक्त पोहोचायला तो बरा नव्हे. माझा सल्ला : आधी दोनच घ्या, हूकवाल्या, रुंद पट्ट्याच्या, आतून शिवण नसलेल्या. तिसरी आठवड्याभराने.

उशीला पाचपैकी पाच. पाठीवर, धड वर उचललेलं, असं महिनाभर झोपायचं होतं. मी जन्मभर पालथी झोपणारी. साध्या उश्या रचून पाहिल्या, पहाटेपर्यंत त्या चहूकडे पांगायच्या. पाचरीची उशी हलत नाही, पण आपण तिच्यावरून खाली घसरतो. गुडघ्यांखाली एक गोल उशी घेतली की तेही थांबतं. पलंगावरून उठताना हात टेकून रेटा द्यायचा नाही, हे सगळे सांगतात. हात न टेकता उठणं किती अवघड आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. ऑपरेशनआधी आठवडाभर सराव करा, खरंच. एक छोटी मऊ उशी गाडीतही ठेवा, सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये धरायला. गतिरोधकांवर तिचे उपकार कळतात.

पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा छातीत ठणका होता, नळ्या लावलेल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. पण मानेमागे जी एक गाठ वीस वर्षं बसून होती, ती नव्हती. मी मान इकडेतिकडे फिरवून तिला शोधलं. त्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं पुन्हा करीन. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा अजून आहेत, आता त्या बहुतेक राहतीलच.

पाचव्या दिवशी मी विनाकारण ढसाढसा रडले. गुंगीचं औषध, वेदनाशामकं, झोप नाही, त्यात ते सुजलेले, चौकोनी, गळ्यापर्यंत चढलेले दोन अनोळखी स्तन. ते नंतर खाली उतरतात आणि खालून गोल भरतात, त्याला महिने लागतात. आरशापुढे पहिल्या दोन आठवड्यांत कोणताही निष्कर्ष काढू नका.

सोळाव्या दिवशीचं मात्र सविस्तर सांगते, कारण त्या रात्री मला असंच काहीतरी वाचायला हवं होतं. आंघोळीआधी ब्रा उघडली तर डाव्या कपात खालच्या बाजूला बोराएवढा पिवळट ओला डाग. आरसा खाली धरून पाहिलं. उभी रेघ आडव्या रेघेला जिथे मिळते, तिथे कातडी उघडी पडली होती. मधोमध पिवळा, बुळबुळीत थर, कडेला लाल. पू झाला, आता सगळं फाटत जाणार, या विचाराने पाय लटपटायला लागले. फोटो काढून पाठवला, सकाळी दाखवायला गेले. बाईंनी पाहिलं, दाबलं, वास घेतला (हो, वास घेतला) आणि म्हणाल्या, “हे होतंच इथे. तीन शिवणी एका बिंदूत येतात, ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी.” ताप नव्हता, भोवती पसरणारी लाली नव्हती, म्हणून प्रतिजैविकही दिलं नाही. पिवळा थर हा पू नव्हता. जखम भरताना असा थर धरतो. अशी जखम पुन्हा शिवत नाहीत, ती तळापासून वर भरत येऊ देतात. रोज ड्रेसिंग, वर घडी केलेलं गॉज, म्हणजे ब्राचा पट्टा घासणार नाही. पाच आठवडे लागले. आधी ती आणखी मोठी झाली, शेंगदाण्याएवढी, मग एका आठवड्यात अचानक तळ गुलाबी झाला आणि कडा आत सरकायला लागल्या. आज तिथे नखाएवढा थोडा रुंद व्रण आहे. मला दाखवावा लागतो, नाहीतर तुमच्या लक्षातही येणार नाही.

ज्यासाठी फोटो पाठवत न बसता तडक निघायचं, ती यादी माझ्या फ्रिजवर होती : पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगणं, स्तनाग्र काळंनिळं पडणं, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पोटरीत दुखणं, धाप लागणं. सुदैवाने यातलं काही झालं नाही.

न विरघळलेले टाके हा त्यामानाने किरकोळ छळ. विरघळणारे म्हणतात, पण एखाददुसरा शरीर बाहेर ढकलतं. सातव्या आठवड्यात एक पुळी आली, त्यातून माशाच्या काट्यासारखं पारदर्शक टोक डोकावत होतं. ओढू नका. बाईंनी कात्रीने कापून काढलं, दोन मिनिटांचं काम.

सिलिकॉन पट्ट्या मी घाईने आधीच घेऊन ठेवल्या, आणि त्या दोन महिने पाकिटातच राहिल्या. जखम पूर्ण बंद होऊन खपल्या गळल्याशिवाय त्या लावायच्याच नसतात. बाकी व्रणावर आठव्या आठवड्यापासून, त्या टी च्या जागी बाराव्यापासून लावल्या. दिवसाला निदान बारा तास, दोन-तीन महिने. पहिल्याच दिवशी उत्साहाने वीस तास ठेवली आणि पुरळ उठलं. मग चार तासांपासून चढत गेले. सरळ रेघेवर पट्टी छान बसते, घामाने कडा गुंडाळतात एवढंच. स्तनाग्राभोवती गोल कापून लावण्याचा प्रयत्न दोनदा केला आणि सोडला. तिथे जेल बरं, फक्त ते वाळेपर्यंत पंख्याखाली तसंच उभं राहावं लागतं. पट्टी सौम्य साबणाने धुऊन चिकट बाजू वर करून वाळवली तर पुन्हा चिकटते. टॉवेलने पुसली की संपली, तिला सगळे तंतू चिकटतात.

फायदा झाला का? तिसऱ्या महिन्यात व्रण सहाव्या आठवड्यापेक्षा वाईट दिसत होते, लालभडक आणि दोरीसारखे कडक. तेव्हा वाटलं, पैसे पाण्यात. पण व्रण त्या सुमारास तसाच चढतो आणि मग वर्ष-दीड वर्ष उतरत जातो. आता उभी रेघ फिकट आणि सपाट आहे, घडीतली आडवी अजून गुलाबी. उजव्या बाजूला काखेजवळची तीन सेंटिमीटर मी पट्टी पुरत नाही म्हणून तशीच सोडली होती. तिथला व्रण बाकीच्यापेक्षा वेगळा दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अर्थात तिथे ताणही वेगळा असतो, त्यामुळे माझ्या या प्रयोगावर कोणी विसंबू नये. पट्टीने कंड मात्र नक्की कमी झाला, आणि रात्री झोपेत ओरबाडणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ आहे.

संवेदनेबद्दल आधी सही घेताना सांगतात, पण सांगणं आणि अनुभवणं वेगळं. डावं स्तनाग्र चार महिने पूर्ण बधिर होतं. उजव्याला उलट टॉवेलसुद्धा सहन होईना. चौथ्या महिन्यात डाव्या बाजूला विजेचे झटके सुरू झाले, एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी “आई गं” म्हणून अर्धी उठलेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी म्हटलं, पायात गोळा आला. नसा जाग्या होताना असं होतं म्हणे. आज डावीकडे थंड-गरम आणि दाब कळतो, हलका स्पर्श कळत नाही. तो परत आला तर आला. मूल झाल्यावर अंगावर पाजता येईलच अशी खात्रीही या ऑपरेशननंतर देता येत नाही. माझ्या बाबतीत तो प्रश्न मागे पडला होता, पण ज्यांच्या पुढे तो आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सविस्तर विचारावं.

तिसऱ्या महिन्यात उजवीकडे वाटाण्याएवढी कडक गाठ लागली. सोनोग्राफीत ती रक्तपुरवठा न मिळाल्याने मेलेल्या चरबीची निघाली, या ऑपरेशननंतर ती होऊ शकते. हे मी तपासणीनंतर लिहिते आहे. हाताला लागलेली गाठ काय आहे हे घरी बसून ठरवायचं नसतं. आतली रचना बदललेली असते, म्हणून यापुढे मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करताना ऑपरेशन झाल्याचं सांगायला हवं.

कामावर मी तिसऱ्या आठवड्यात गेले, खुर्चीतलं काम म्हणून जमलं. त्रास दिला तो जड दारांनी. ओढायचं दार एकवेळ ठीक, ढकलायच्या दारापुढे मी कोणीतरी येईपर्यंत फोन पाहत उभी राहायचे. गच्च बसलेली झाकणं, वरच्या फळीवरची पेटी, पाठीमागची चेन, हे सगळं सहा आठवडे दुसऱ्यांनी केलं. धावायला तिसरा महिना संपल्यावर परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी शंभर पावलं धावले आणि सवयीने दोन्ही हात छातीवर आडवे धरले होते, हे थांबल्यावर लक्षात आलं.

तारेची ब्रा मी अजून घातलेली नाही, घडीतला व्रण तिथेच आहे. चांगल्या, महागड्या ब्रा सहा महिने उलटेपर्यंत घेऊ नका, आकार तोवर बदलत राहतो. चौथ्या महिन्यात हौसेने घेतलेली एक मला आता वरून रिकामी पडते. मागच्या आठवड्यात माप घ्यायला गेले. तिथल्या ताईंनी फीत लावली, आकडा सांगितला, मी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच आला. मोठ्या मापाच्या दोन-तीन कंटाळवाण्या रंगांच्या ब्रा असायच्या त्या कोपऱ्याकडे मी सवयीने वळले, तर त्या म्हणाल्या, “तुमचं माप इकडे आहे,” आणि अख्खी भिंत दाखवली. मी अर्धा तास काढला आणि काहीच न घेता बाहेर पडले, कारण निवडायची सवयच नव्हती.

ओळखीतल्या एकीचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन आहे. उशी आणि काठी तिला देऊन टाकली. चेनच्या दोन कोऱ्या ब्रा ती मागत होती, त्या दिल्या नाहीत.