गौताळ्याच्या कडेला एकट्यानं मुक्काम: टेंट का हॅमॉक?

टेंटमध्ये आणि हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधायच्या कापडी झोळीत, दोन्हीत झोपून झालंय म्हणून लिहितोय. जागा एकच, कन्नड तालुक्यात गौताळा अभयारण्याच्या रानाला लागून एका ओळखीच्या मामांचं शेत, बांधापलीकडं सगळा साग. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय रात्र काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, त्यामुळं मी बांधाच्या अलीकडंच राहतो आणि तुम्ही पण तसंच करा. त्या बाजूचं गावात नाव चांगलं नाही. ओढ्यापाशी चकवा लागतो, माणूस रातभर तिथल्या तिथंच फिरतो, आणि मागनं कोणतरी चालत येतं पण वळून बघितलं की कोणी नसतं, असं जागलीला जाणारी माणसं सांगतात. ही माणसं उगं बोलणारी नाहीत.

टेंटचं बाकी सगळं मला आवडतं. वारा लागत नाही, सामान आत राहतं, आणि मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी कधीकधी कळत पण नाही, तर चेन नीट लावली की तिची काळजी मिटते.

पण फेब्रुवारीतली ती रात्र. सागाची पानं गळून वाळलेली, एकेक पान सुपाएवढं, त्यावरनं उंदीर गेला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. हे मला दिवसा माहीत होतं. रात्री दीडच्या सुमाराला पावलं आली, चार-पाच टाकली की थांबायची, परत चार-पाच, आणि मी आत बसून फक्त ऐकतोय. टॉर्च लावला तर चारी बाजूनं कापडच उजळलं, बाहेरचं काहीच दिसेना, उलट बाहेर जे कोणी असेल त्याला मी कंदिलासारखा दिसत असणार असं वाटून तो पण बंद केला. चेन उघडायला गेलो तर ती कापडात अडकली, तिच्या आवाजानं पावलं थांबली, बाहेर डोकं काढेपर्यंत रान एकदम गप. चेन लावून आडवा झालो की परत सुरू. असं तीनदा झालं आणि कोंबडं आरवेपर्यंत मी बसून होतो. भीती तर वाटलीच, पण बघता येत नाही याचा त्रास त्याच्यापेक्षा जास्त झाला.

पुढच्या महिन्यात तिथंच मच्छरदाणीचा हॅमॉक बांधला. पावलं आली, तशीच. नुसती मान वळवली, जाळीला टेकवून टॉर्च मारला, तर साळिंदर. मुळाशी उकरत होतं, उजेड पडला तशी काट्यांची खळखळ करत ओढ्याकडं गेलं. थोड्या वेळानं पायवाटेवर दोन लाल डोळे दिसले, जमिनीला चिकटून, ते रातव्याचे निघाले, हा पक्षी फरशीवर गोटी उड्या मारत जावी तसा टकटक ओरडतो. त्यानंतर मी झोपलो, उठलो ते उजाडल्यावर. गावातल्या लोकांनी जे ऐकलं ते साळिंदरच होतं असं मी म्हणत नाही, चकव्याबद्दल पण काही बोलत नाही, मला त्या रात्री जे दिसलं तेवढं सांगतोय.

हॅमॉकला पाठ लय गार पडते, खालनं हवा लागते, डिसेंबर-जानेवारीत तर अंगावर कितीबी घ्या, पाठीखाली वाकळ किंवा मॅट पाहिजेच. पाऊसपाण्यात टेंटच बरा. बीडकडं बालाघाटाच्या उघड्या माळावर बांधायला झाडंच नसतील तर प्रश्नच मिटला. बिबट्या गौताळ्यात आहे, टेंटचं कापड त्याला अडवत नाही पण आडोसा मिळतो हे खरं, आणि उघड्यावर लटकून झोपणं ज्याला जमणारच नाही त्यानं टेंटच घ्यावा कदाचित. कुठलंबी घ्या, वाळल्या पानांत शेकोटी नको, वणवा लागायला तेवढं पुरतं.

माझा टेंट आता घरी माळ्यावर आहे. हॅमॉकला दोन इंच रुंद पट्टा वापरतो म्हणजे साल कापत नाही, बांधायच्या आधी झाड मामांना दाखवतो, ज्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड आहे ते सोडतो. आणि पाय ओढ्याकडं करून झोपतो, मान उचलली की तिकडचंच दिसतं.