तापात अंग पुसायचं : बर्फाच्या पाण्याने की कोमट?

डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत वॉर्डात नातेवाइकांशी माझा हा वाद ठरलेला. ताप १०३ वर गेला की कुणीतरी धावत बर्फ घेऊन येतं.

कपाळावरची गार पट्टी रुग्णाला बरी वाटते, हे खरं. पण कपाळ ते केवढं! आणि बर्फाचं पाणी अंगभर फिरवलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते. मग हुडहुडी भरते आणि थरथरणारे स्नायू आणखी उष्णता तयार करतात. हातांवर काटा आला, दात वाजू लागले, की उपाय उलटला समजा.

मी कोमट पाणीच घेते. आधी कोपर बुडवून बघते. ना गार, ना गरम लागलं पाहिजे. फडकं पिळून मान, काखा, जांघा, पाठ पुसायची. अंग लगेच कोरडं करायचं नाही. ओल उडून जाताना उष्णता सोबत नेते, सगळी किमया तिथेच आहे. वीस-तीस मिनिटं पुरे, मग पुन्हा थर्मामीटर. उतार थोडा आणि तात्पुरताच असतो, कारण संसर्गात मेंदूनेच तापमानाची पातळी वर नेलेली असते. तरी पुसल्यावर रुग्ण शांत झोपतो, मला तेवढंही मोलाचं वाटतं.

थंडी वाजून ताप चढत असेल तर दोन्ही नको, पांघरूण द्या.

उष्माघात मात्र वेगळा. तिथे बर्फाला अजिबात कचरू नका, आणि रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात हलवा.