काच आणि पाणी: विद्युत दुहेरी थरासाठी कोणतं मॉडेल घ्यावं?

काच पाण्यात बुडवली की तिच्या पृष्ठभागावरचे काही हायड्रोजन आयन पाण्यात निघून जातात. काच ऋणभारित होते आणि पाण्यातले धन आयन तिच्याजवळ जमतात. हा दुहेरी थर गणितात मांडायचा असेल, तर आधी क्षाराची संहती (द्रावण किती दाट) आणि पृष्ठभागाचा विभव (व्होल्टेज) पाहा. मॉडेल नंतर.

हेल्महोल्ट्झचं मॉडेल सगळ्यात सोपं: आयनांची एकच सपाट रांग, म्हणजे साधा कपॅसिटर. पण त्यात धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, कायम राहते. प्रत्यक्षात ती विभव आणि संहती दोन्हींनुसार बदलते. दाट द्रावणात ढोबळ अंदाजापलीकडे ते नेऊ नये.

गुई (1910) आणि चॅपमन (1913) यांनी उष्णतेमुळे पसरलेला आयनांचा ढग मांडला. ढगाची जाडी सांगते डिबाय लांबी. 25 अंश सेल्सिअसला 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) मिठाच्या पाण्यात ती सुमारे 1 नॅनोमीटर, 0.001 मोलरमध्ये सुमारे 10. पातळ द्रावण आणि 25 मिलिव्होल्टच्या आसपासचा विभव असेल तर हे मॉडेल सुरेख चालतं. आता 0.1 मोलर आणि 200 मिलिव्होल्ट घालून बघा: पृष्ठभागाशी विरुद्ध भाराच्या आयनांची संहती येते जवळपास 240 मोलर! पाणी स्वतःच जेमतेम 55 मोलर असतं. आयनांना बिंदू मानल्याचा हा परिणाम, आणि प्रोग्रॅम तो निमूटपणे छापून मोकळा होतो. म्हणून हा आकडा एकदा हाताने काढाच.

स्टर्नने 1924 मध्ये दोन्ही जोडले: पृष्ठभागालगत घट्ट थर, पुढे ढग. दोन कपॅसिटर एकसरीत, त्यामुळे लहान धारितेचा वरचष्मा. बहुतेक कामांसाठी मी हेच घेईन. अडचण एकच: घट्ट थराची धारिता प्रयोगाच्या आकड्यांवरून बसवावी लागते, कारण तिथल्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्र क्षीण करण्याची ताकद) नेहमीच्या 78 पेक्षा बराच कमी असतो. एकाच धारितेवर निरनिराळ्या संहतींची मोजमापं जुळली, तरच तिच्यावर भरवसा ठेवा. आणि मोजलेला झीटा विभव पृष्ठभागाचा विभव म्हणून घालू नका. तो पृष्ठभागापासून थोडा दूर, पाणी सरकायला लागतं तिथला असतो.

रेणूंचं सिम्युलेशन पाण्याचे रेणू कसे वळतात हेही दाखवतं. पण 5 नॅनोमीटर बाजूच्या घनात 0.001 मोलर द्रावणाचे सरासरी 0.075 धन आयन येतात, म्हणजे एकही पुरता नाही. पातळ द्रावणाचा ढग त्यात पाहता येत नाही. कॅल्शियमसारखे द्विभारी आयन असतील, तर मात्र सिम्युलेशनवर संगणकाचा वेळ खर्च करण्याजोगा आहे: असे आयन कधीकधी पृष्ठभागाचा भार उलटवतात, आणि सरासरी विभवावर चालणाऱ्या गुई-चॅपमनच्या ढगात ते दिसत नाही.