तासीलाकचा तुपिलक: देवमाशाचा दात की रेनडिअरचे शिंग?

पूर्व ग्रीनलंडमधील तासीलाक गावातल्या एका दुकानात मांडलेल्या तुपिलकांपैकी, म्हणजे इनुइट लोकांच्या जादूटोण्यातील मारक जीवाच्या कोरीव मूर्तींपैकी, माझा हात प्रथम गेला तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या दातातून कोरलेल्या, बोटभर उंचीच्या मूर्तीकडे. बटाट्यासारखे डोळे, विचकलेले दात आणि पोटावर दुसराच एक चेहरा असे तिचे रूप होते. दाताच्या मुळाशी असलेली शंकूसारखी पोकळी कारागिराने बुजवली नव्हती, तर तिचाच आ वासलेला जबडा केला होता. साईसारख्या रंगाचा तो पृष्ठभाग अंगठ्याखाली इतका गुळगुळीत लागत होता की मूर्ती खाली ठेववेना.

मूळ तुपिलक मात्र शोभेची वस्तू नव्हता. हाडे, कातडे, केस आणि कधी प्रेताचे अवयव एकत्र बांधून, मंत्रांनी त्यात जीव ओतून तो शत्रूच्या नाशासाठी समुद्रात सोडला जाई. शत्रूची विद्या वरचढ ठरली, तर उलटलेल्या मुठीप्रमाणे तो करणाऱ्यावरच परते. हे सारे गुपचूप चाले आणि ते साहित्यही नाशवंत, त्यामुळे आज विकल्या जातात त्या मूर्ती म्हणजे केवळ त्याची चित्रे होत. 1884 मध्ये गुस्ताव्ह होल्म यांची डॅनिश मोहीम या भागात पोहोचल्यानंतर, तुपिलक दिसतो तरी कसा, या पाहुण्यांच्या कुतूहलापोटी अशी कोरणावळ सुरू झाली.

दुकानाबद्दल माझी तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. चिठ्ठीवर क्रोनरमधील किंमत तेवढी होती. मूर्ती कशाची आहे, याचा उल्लेख नव्हता. स्पर्म व्हेलच्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटिस या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराने बंद असल्यामुळे पर्यटकाला ती मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, हे मी विचारल्यावरच मला सांगण्यात आले. न विचारता घेतली असती, तर ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती गेली असती.

अखेर मी रेनडिअरच्या शिंगाचा तुपिलक घेतला, कारण त्याला ते बंधन नाही. कोरीव काम तितकेच धीट आहे; परंतु शिंगाचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने पाठीवर बारीक भोके दिसतात आणि दाताची ती झिलई याला येत नाही. तळही नीट घासलेला नाही, त्यामुळे टेबलावर मूर्ती किंचित डुलते. खाली घडी केलेला कागद सरकवला की ती ताठ उभी राहते.