डी-२ चा शिक्का मारलेले चाकू आणि माझे २३,५६० रुपये

निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यातल्या हार्डवेअर दुकानदारांनी आधी हे वाचावं, मग त्या होलसेलवाल्याच्या मेसेजला उत्तर द्यावं. चायना घडीचे चाकू, व्हॉट्सअॅपवर झकास फोटो, निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल ट्रान्सपोर्टला पोचल्यावर. पुढचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. तरी माझे पैसे गेले, कारण या माणसानं नमुना अस्सल दिला होता.

चायना म्हणजे टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग चाकू-कात्र्यांसाठीच ओळखलं जातं. सानरेनमू, गान्झो असल्या तिकडच्या कंपन्यांचे स्वस्त चाकू पैसे वसूल करून देतात. स्वस्त पण बऱ्या चाकूला बहुतेक वेळा ८सीआर१३एमओव्ही पोलाद असतं. आठ म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन, तेरा म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून-गार करून कडक केलं असेल, तर रॉकवेलवर, म्हणजे कडकपणाच्या मापावर, ५७-५८ भरतं, गंजायला सहज येत नाही आणि साध्या दगडावर धार लागते. ३सीआर१३ मध्ये कार्बन ०.३ टक्केच, त्याची धार लगेच मरते. शिक्का मात्र कुठल्याही पात्यावर कुठलाही मारता येतो.

नमुन्याचा चाकू मी ४३० रुपयांना घेतला, पात्यावर ८सीआर१३एमओव्हीचा शिक्का. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, देश, एमआरपी, सगळं छापलेलं. दुकानात तोच वापरला. तंबाखूच्या बोदांची सुतळी, बारदान, पाइपचे तुकडे कापले, धार हटली नाही. यावर ज्यानं ऑर्डर दिली नसती असा दुकानदार मला दाखवा. ६० नग, ३८५ रुपये दरानं २३,१०० रुपये. आगाऊ ११,५५० यूपीआयनं.

आता तो क्षण, ज्याच्यामुळं अजून झोप लागत नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी पेटी फोडून बघितली. खोकी नाहीत, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पात्यावर ८सीआर नाही, 'डी-२' लिहिलेलं. तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, कंपनीनं अपग्रेड दिलंय, दर तोच. मोठ्या लॉटला खोकी येत नाहीत." डी-२ हे डायचं पोलाद, दीड टक्का कार्बन, घासायला कठीण आणि ८सीआरपेक्षा महाग. महाग पोलाद त्याच दरात कोण देतो? हा प्रश्न तिथं उभा होता. पण मागं हमाल खोळंबलेले, कारकून "भरा आणि उचला" म्हणून ओरडतोय, नमुन्यानं विश्वास बसलेला, बाजारात अपग्रेडच्या स्कीमा रोज येतात. उरलेले ११,५५० आणि भाडं ४६० भरलं.

पहिल्या आठवड्यात चाकू विकले गेले आणि लागलीच परतही येऊ लागले. एका वायरमनच्या हातात तर लॉकच सुटलं. लायनर लॉक म्हणजे आतली पातळ पट्टी. चाकू उघडला की ती पात्याच्या बुडाखाली पूर्ण सरकून बसली पाहिजे. यात ती नुसती कोपऱ्याला टेकत होती. पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं जरा दाब दिला की 'टक्' करून पातं बोटांवर मिटायचं. त्याच्या तर्जनीला टाके पडले, दवाखान्याचे १,२०० मी दिले. घडीचा चाकू घेताना नुसती धार बघत बसू नका. उघडा, बोटं बाजूला ठेवा, पाठीवर लाकडाचा ठोकळा आपटा. मिटला तर तिथंच परत.

आमचे पाहुणे बेळगावात उद्यमबागला मशीनशॉपमध्ये आहेत. त्यांच्याकडं दोन पाती नेली. रॉकवेलवर एक ४७ भरलं, दुसरं ४९. डी-२ चा चाकू ५८ च्या वर पाहिजे. कानस लावली तर लोण्यात गेल्यासारखी गेली. पाणी चढलेल्या पात्यावरून ती घसरते. ही परीक्षा फुकट आहे, गोदामात एका नगावर करा.

मग ठाणं. साहेबांनी पहिलं काय केलं? चाकू उघडून बघितला आणि मलाच विचारलं, "हत्यारं विकता? लायसन्स कुठंय?" नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा नियम मी सांगितला, माझं पातं तीन इंचांचं, बटणावर उघडणारंही नाही. फसवला गेलेला मी आणि खुलासे मीच द्यायचे! नंतर अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. लिहून घेऊन गेलो, तर पार्टी कोल्हापूरची, तिकडं जा. कोल्हापूरला म्हणाले, पैसे कर्नाटकातून गेले, व्यवहार तिकडचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. कागद पुढं ठेवला, त्याला हातसुद्धा लावला नाही. सीमेवरच्या माणसाचे कर दोन्हीकडं चालतात, तक्रार एकीकडंही चालत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद झाली. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल मिळाला, हा दिवाणी वाद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं, की फेरविक्रीसाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. कायदा तसाच आहे, खरं. मग छोट्या दुकानदारानं जायचं कुठं? स्वतःच्या वापराला चाकू घेतलेल्यांनी मात्र सोडू नका. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो.

पक्कं बिल मागा. मला आलेल्या कागदावर जीएसटी नंबर नव्हता, मालाच्या जागी 'हाउसहोल्ड गुड्स' एवढंच. चाकूचा एचएसएन, म्हणजे जीएसटी बिलावरचा मालाचा कोड, ८२११ ने सुरू होतो, तोच हवा. बिल नाही, खोक्यावर आयातदार नाही, तर उरलेली रक्कम भरू नका. आगाऊ बुडाले तर बुडू द्या. माझे ११,५५० तरी वाचले असते.

ज्यांना विकले त्या सगळ्यांचे पैसे मी परत केले आहेत. कुणाकडं राहिला असेल तर आणून द्या, काही विचारणार नाही. तो माणूस आता दुसऱ्या नंबरावरून तेच फोटो फिरवतोय, संकेश्वरच्या एका दुकानदाराला गेल्याच आठवड्यात आले. ओळख सांगतो: काळं पातं, डाव्या बाजूला पांढऱ्या अक्षरात डी-२, खिशाच्या क्लिपला तीनऐवजी दोनच स्क्रू. मेसेज आला तर नंबरासकट स्क्रीनशॉट ठेवा आणि मला कळवा, माझ्या अर्जाला जोडायचा आहे.